बोंडअळीला मान देणारे इवाई

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कपाशी लावणारा असा एकही माणूस नाही, ज्यानं बोंडअळीला शिवी दिली नाही. भजनात टाळ वाजवणाऱ्यानं दिली आहे, शाळेतल्या मास्तरनं दिली आहे, मी तर रोज दिली आहे आणि माझी शिवी दोन शेतं ओलांडून ऐकू जाते. या सगळ्या मुलखात त्या अळीला मान देणारा, तिच्याशी अदबीनं बोलणारा आणि तिची खुशाली विचारणारा एकच माणूस जन्माला आला, आणि नेमका तोच माझा व्याही निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, म्हणून मीही इथं इवाईच म्हणतो. ते तिगावात राहतात, रेल्वे स्टेशनाच्या मागं. पांढुर्ण्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. मी स्वतः चौथीत दोन वर्षं बसलो, तिसऱ्या वर्षी मास्तरांनी बसू दिलं नाही. त्यानंतर मला कोणी काही शिकवलं नाही आणि मीही कोणाला शिकवू दिलं नाही. अशा दोन माणसांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ मोठा धीराचा असला पाहिजे.

लग्नातच मला अंदाज यायला पाहिजे होता. माझ्या पोराची वरात तिगावला गेली. मांडवाच्या तोंडाशी व्याहीभेट. दोन्हीकडची माणसं गोळा झालेली, वाजंत्री थांबलेली, मी गुलाबी फेटा बांधून छाती काढून उभा. इवाई हार घेऊन आले, हार घातला, गळ्यात पडायला हात पसरले आणि तसेच थांबले. माझ्या डोक्याकडे पाहत हळूच म्हणाले, "हलू नका जी." मला वाटलं फेटा सुटला. त्यांनी दोन बोटांनी माझ्या फेट्यावरून एक भुंगेरा उचलला, खिशातून रिकामी काडेपेटी काढली, त्याला आत बसवलं आणि मग मला मिठी मारली. मिठीत कानाशी म्हणाले, "या भागात हा किडा मी पहिल्यांदा पाहून राहिलो, इवाई. तुमच्या डोक्यावर आला, मोठं नशीब हाये तुमचं." पाचशे माणसांत माझा मानपान किड्याच्या नंतर झाला. मी जेवायला बसलो नसतो, पण त्या दिवशी वरण फार चांगलं झालं होतं.

त्यांच्या खिशात पैसे असतील नसतील, पण एक भिंग, एक चिमटा आणि चार-पाच काडेपेट्या असायच्याच. एकदा माझ्या बायकोनं चूल पेटवायला त्यातली एक घेतली आणि उघडली, तर आतून कोणीतरी तिच्याकडे पाहत होतं. तेव्हापासून ती इवाई आले की काड्या लपवून ठेवते. किड्यांना ते सहसा किडा म्हणत नसत. मुंगी असली तर "ही बाई", माशी असली तर "हे गृहस्थ". पोळीवर माशी बसली की आम्ही हात उगारतो, ते वाकून पाहतात की ती पुढचे पाय कशाला चोळून राहिली. बायको म्हणायची की यांच्या ताटात माशी बसली तर आधी कोणाला वाढावं हेच समजत नाही. संत्रं दिलं तर सोलण्याआधी चारी बाजूंनी फिरवून पाहत, आत कोणी राहते का म्हणून. मग फोडी मोजत, बिया मोजत, आणि सगळं मोजून झालं की संत्रं मला परत देत, कारण त्यांना आंबट चालत नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा ठेवला आणि मला ओढत स्टेशनावर घेऊन गेले. तिगावला जी गाडी थांबते ती पाहायला नाही, जी थांबत नाही ती पाहायला. इटारसीकडून एक्स्प्रेस आली, शिट्टी मारत धाडधाड निघून गेली. इवाईंचा चेहरा असा खुलला की जणू गाडीतून सोयरे उतरले.

"ऐकलं का? येताना शिट्टी चढी असते, आपल्यासमोरून गेली की उतरते."

मी म्हटलं, "बरं मग?"

"बरं मग काय? काहून उतरते?"

हा 'काहून', म्हणजे 'का', हाच त्यांचा धंदा. विहिरीत दगड टाकतील, 'डुबुक' ऐकू येईपर्यंत बोटं मोजतील आणि पाणी किती खोल ते सांगतील. दोर सोडून पाहिला तर हातभराचा फरक निघत नाही. मी म्हटलं, दोर असताना बोटं काहून मोजायची? तर म्हणाले, दोर फक्त याच विहिरीत जाते, बोटं सगळ्या विहिरींत जातात. मला काही समजलं नाही, पण उत्तर ठणठणीत होतं म्हणून मी मान डोलावली. त्या दिवशी घरी आलो तोवर चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. त्यांच्या घरी चहा नेहमी दुसऱ्यांदाच होतो.

आमच्या गावात त्यांची थट्टा व्हायची. माणूस माकडापासून झाला म्हणणारा मास्तर, असं माझा चुलतभाऊ गोविंदा पारावर बसून सांगायचा. गोविंदाचं आणि माझं शेत धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून आहे. त्या धुऱ्यावरून आमचं सात वर्षांपासून बोलणं बंद होतं, त्यामुळे तो हे मला न सांगता माझ्या बैलाला सांगायचा. मी इवाईंना विचारलं, खरंच असं शिकवलं का तुम्ही? ते हसले. म्हणाले, "माकड आपला आजा नाही जी. आजा दोघांचा एक, फार फार जुना. माकड आपला चुलतभाऊ हाये." हे मला लगेच पटलं. चुलतभाऊ या प्राण्याबद्दल मला पुरावा लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र मला त्यांची आवडायची. ते माझ्या वांग्याला मानत. माझं वांगं साधं नाही. तीस वर्षांपासून मी वांग्याचं बी विकत आणलं नाही. जे झाड उन्हाच्या ताणात मान टाकत नाही, ज्याला काटे कमी, ज्याचं फळ शिजलं की लोण्यासारखं होते, त्याच झाडाचं पहिलं मोठं वांगं मी झाडावरच पिकू देतो आणि त्याचंच बी राखेत घोळून ठेवतो. बाकीची झाडं कितीही लदबदली तरी त्यांचं बी नाही. इवाई त्या वाफ्यात तासभर उकिडवे बसले होते. उठताना म्हणाले, "ही पढाई कोणत्या कॉलेजात भेटत नाही." मी ते वाक्य घरी तीनदा सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की याच वांग्यावरून हा माणूस मला एक दिवस आडवा करणार आहे.

आता खरी गोष्ट. आमच्या दोघांची एकच नात, चैताली. माझ्या पोराची पोरगी, त्यांच्या पोरीची पोरगी. मला आबा म्हणते, त्यांना नानाजी. अकरावीचे पेपर झाले आणि तिनं घरात सांगून टाकलं की बारावी झाली की मी साधं बीएस्सी करीन, प्राणिशास्त्र घेऊन, आणि मग पुढंही तेच शिकत राहीन. मी तिच्यासाठी आधीच सगळं ठरवलं होतं. फार्मसी करायची, सौंसरच्या बसस्टँडजवळ मेडिकलचं दुकान टाकायचं, बोर्डावर वर माझं नाव आणि खाली तिचं. बोर्डाचा रंगही ठरला होता, हिरवा. आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. मी म्हटलं, किडे पाहून कोणाचं पोट भरलं? उत्क्रांती शिकून कोणाच्या घरावर स्लॅब पडला?

पोरगी माझीच, ती कशाला ऐकते. म्हणाली, "आबा, मले दुकानात बसून दुसऱ्यानं बनवलेली दवाई नाही विकायची. तुमच्या कपाशीवर दवाई मारली तरी अळी काहून मरत नाही, ते पाहायचं हाये."

तो 'काहून' ऐकला आणि मी समजलो की हे पाणी तिगावहून आलं आहे. इवाईंना बोलावणं पाठवलं.

मार्च महिना होता. अर्ध्या रानातली कपाशी उपटून मी घराजवळ पऱ्हाटीची गंजी रचली होती. आमच्याकडे ज्याच्या दारात पऱ्हाटीची गंजी मोठी, तो माणूस मोठा. वाळलेल्या झाडांचा तो ढीग वर्षभर चुलीला पुरतो. माझी गंजी रस्त्यावरून दिसायची. उरलेल्या अर्ध्या रानात कपाशी तशीच पाण्यावर उभी होती, दिवाळीनंतरही जो थोडाफार कापूस येत राहते त्यासाठी. त्याला आम्ही फरदड म्हणतो आणि फुकटचं पीक समजतो. इवाई आले, गंजीच्या सावलीत खाटेवर बसले. मी सगळा राग बाहेर काढला. तुम्ही पोरीचं डोकं फिरवलं, त्या विज्ञानाचा काय उपयोग, दाखवा मला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तुमची दवाई चालत नाही, काहून? मी म्हटलं, कंपनी बोगस. बियाणंही बोगस. आधी जे बियाणं अळीला मारायचं, तेच आता अळी खाऊन ढेकर देते.

"इवाई, वांग्याचं बी कोणत्या झाडाचं ठेवता?"

"ताणात टिकते त्याचं."

"बाकीचे?"

"बाकीचे आपण खातो."

"मग अळीसोबत तुम्ही तेच करून राहिले ना जी. दवाई मारली, शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या. एक टिकली. पुढच्या सालची सगळी पिल्लं तिची. दरसाल तुम्ही अजून कडक दवाई आणता, दरसाल टिकाऊ तेवढी ठेवता. वांगं जसं तुम्ही तयार केलं, तशी ही अळीबी तुम्हीच तयार केली. अन् दोन्ही एक नंबर झाले."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे, पण असं मानपत्र देऊन कोणी थोबाडीत मारलं नव्हतं. सून दाराआड उभी होती, तिला हसू आवरेना. माझा पोरगा उठून बैलाकडे गेला. मी म्हटलं, हे सगळं बोलणं झालं, पुरावा कुठं आहे?

इवाई उठले, माझ्याच गंजीत हात घातला, एक वाळकं, न फुटलेलं बोंड तोडलं आणि चिमट्यानं फोडलं. आतल्या दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या त्यांनी हळूच उघडल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. "मी नाही सांगत. तुम्ही पाहा अन् काय दिसते ते सांगा."

मी पाहिलं. दोन सरक्यांच्या मधल्या पोकळीत, जसं कोणी रजई ओढून झोपावं तशी, गुलाबी अळी. मी तिच्यावर श्वास सोडला तशी हलली. जिवंत. दिवाळीपासून ती माझ्या दारात, माझ्या सावलीत, माझ्या मोठेपणाच्या ढिगात झोपली होती. पाऊस पडला की उठणार, पतंग होणार आणि शंभर पावलांवरच्या माझ्याच शेतात जाणार. मी तिला मारायला सौंसरहून महागाच्या बाटल्या आणत होतो आणि इकडे तिला घरजावई करून ठेवलं होतं.

तिथंच शर्त लागली. इवाई म्हणाले, एक हंगाम माझ्या म्हणण्यानं चाला. दसऱ्यानंतर तुमच्या शेतातली वीस बोंडं फोडू. त्यातली दोनाहून जास्त किडकी निघाली तर चैतूचा फार्मसीचा फॉर्म मी स्वतः भरीन आणि तुमच्या बोर्डाला हिरवा रंगही लावीन. चांगली निघाली तर पोरगी जिकडं म्हणते तिकडं जाईल, आणि तिला सोडायला तुम्ही जाल. माझ्या तोंडून शब्द गेला. चैताली उंबऱ्यावर उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की शब्द परत घ्यायची सोय राहिली नाही.

मग जे सुरू झालं ते मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही. फरदड उपटायची. गंजी मोडायची. गंजी मोडायची म्हटल्यावर बायकोनं चुलीसमोर ठाण मांडलं, तेव्हा इवाईंनी तोड काढली की काड्या ठेवा, बोंडं जाळा. आठ दिवस सगळं घर त्या ढिगाभोवती बसून वाळकी बोंडं तोडत होतं. येणारे जाणारे थांबून पाहायचे. बायको म्हणाली की जन्मभर कापूस वेचला, आता म्हातारपणी अळ्या वेचतो. आठव्या दिवशी बोंडांची होळी केली आणि मला वाटलं सुटलो. तर इवाई धुऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडची गंजी कोणाची? पतंगाले धुरा समजत नाही जी."

तिकडची गंजी गोविंदाची होती.

माझ्या शेताच्या तीन बाजूंनी संत्र्याचे बगीचे आहेत. चौथ्या बाजूनं गोविंदा. म्हणजे जाणं भाग होतं. सात वर्षांनी मी त्याच्या अंगणात पाय ठेवला. त्यानं पाट दिला नाही, मीही बसलो नाही. अळीची सगळी हकिकत मी उभ्यानं सांगितली, भिंगातून अळीही दाखवली. तो म्हणाला, तुझ्या इवाईनं आता तुलाही माकड केलं वाटते. मी शिवी गिळली. ती गिळताना जो त्रास झाला तो अजून छातीत आहे. मी म्हटलं, तुझी बोंडं आम्ही तोडून देतो, तू फक्त फरदड उपट आणि कपाशी पावसाआधी लावू नको. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी कोणाचं काम करून देतो म्हणालो, हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "येजो उद्या. चहा पिऊन येजो, माह्याकडे भेटणार नाही." दुसऱ्या दिवशी गेलो तर चहा ठेवलेला होता.

उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांच्या आधी कपाशी लावण्यात माझा गावात पहिला नंबर असायचा. त्या वर्षी मी शेवटला. इवाईंचा हिशेब असा की पहिल्या पावसानं पतंग जागे होतील तेव्हा अंडी घालायला त्यांना कळी-फूल सापडलंच नाही पाहिजे. पाहुणे यावेत आणि घराला कुलूप असावं. कपाशी वाढली तेव्हा त्यांनी शेतात काठ्या रोवून प्लास्टिकचे सापळे टांगले. त्यात मादीच्या वासाची एक छोटी गोळी असते, त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. माझ्या बायकोनं विचारलं की आत मादी असते का? इवाई थोडे लाजले आणि म्हणाले, नवरीचा फक्त वास असते, नवरी नसते. तेव्हापासून आमच्या घरात त्याला नवरदेवाचा पिंजरा म्हणतात. चैताली रोज सकाळी शाळेआधी शेतात जाऊन नवरदेव मोजायची, वहीत लिहायची आणि फोनवर नानाजीला सांगायची. मोजणी वाढली नाही तोपर्यंत पंपाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. श्रावण गेला, भादवा गेला. सगळ्या शिवारात पंपाची घरघर आणि मी बांधावर हात बांधून उभा. तीस वर्षं फवारा मारणाऱ्या माणसाच्या हाताला काय खाज सुटते ते मलाच माहीत. पोरगा म्हणाला, बाबा, नातीच्या हट्टापायी शेत घालवाल. एकदा मी पंप भरलाही होता. चैताली वही घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "आबा, मी मोजलं ते खरं की तुम्हाले वाटते ते खरं?" मी पंप रिकामा केला. वांगी तरी फवारून घेतो म्हटलं असतं, पण तेही म्हटलं नाही.

दसरा झाला. पहिल्या वेच्याच्या दिवशी बायकांनी धुऱ्यावर दही-भात ठेवून कपाशीची पूजा केली आणि दुपारी इवाई पिशवी घेऊन आले. बातमी फुटली होती. गोविंदा आला, पारावरची सगळी मंडळी आली. इवाई बोंडं तोडायला निघाले तर गोविंदा आडवा आला. म्हणाला, मास्तर चांगली चांगली तोडतील. इवाईंना याचा राग यायच्याऐवजी आनंद झाला. म्हणाले, बरोबर संशय घेतला, विज्ञानात असाच घ्यावा लागते. तुम्हीच तोडा. गोविंदानं शेताच्या चारी कोपऱ्यांतून, मधून, नाल्याकडून वीस हिरवी बोंडं आणली. चैतालीनं चाकू घेतला. तिनं आधी नानाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुकानाचा हिरवा बोर्ड माझ्या डोळ्यांसमोर हलत होता, आणि खरं सांगतो, आपण हरावं की जिंकावं हे मला तेव्हा समजेना.

पहिलं बोंड साफ. दुसरं साफ. दहा झाली, सगळी साफ. पांढरी, ओली, खोबऱ्यासारखी. सतरावं फोडलं आणि गोविंदा म्हणाला, "हे पाहा." आत अळी होती. चैतालीचा चेहरा उतरला. इवाई मात्र पुढं झाले, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "या बाई. मी म्हणूनच राहिलो, अजून कशा आल्या नाहीत." मग लोकांकडे वळून म्हणाले की एकही निघाली नसती तर मलाच माझ्यावर संशय आला असता. अठरा साफ, एकोणीस साफ, वीस साफ. गावाच्या पलीकडे सडकेच्या बाजूनं ज्यांचं शेत आहे त्या पाटलांनी गुपचूप खिशातून आपली दहा बोंडं काढली. त्यांनी तीनदा फवारलं होतं. दहातली सात किडकी. ती सात पाहून गोविंदा माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाला, "आम्ही दोघा भावांनी केलं हे." आम्ही दोघांनी. मी त्याचा हात खांद्यावर राहू दिला. तो दिवसच तसा होता.

मग मला काय झालं कोण जाणे. मी डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा नीट फेट्यासारखा बांधला आणि भर कपाशीत इवाईंच्या समोर उभा राहिलो. इतक्या वर्षांनी मला ती व्याहीभेट पुन्हा करायची होती. हात पसरले, पुढं झालो, तर त्यांच्या पांढऱ्या केसांत काहीतरी चमकत होतं. मी म्हटलं, "हलू नका जी." दोन बोटांनी एक हिरवा किडा काढला. त्यांच्याच खिशातली काडेपेटी काढली, किड्याला आत बसवलं आणि मग मिठी मारली. बायका हसत होत्या, चैताली रडत होती, आणि इवाई माझ्या खांद्यावरून विचारत होते, "पाय किती होते, पाहिलं का?"

पुढच्या वर्षी मी स्वतः पोरीला घेऊन नागपूरला गेलो. कॉलेजच्या खिडकीवरच्या बाबूनं कागद पाहून विचारलं, आजोबा, मार्क चांगले आहेत, मग साधं बीएस्सी काहून? दुसरीकडे नंबर नाही लागला का? मी खिडकीत वाकून म्हणालो, "साहेब, यंत्र बिघडलं तर इंजिनियर भेटते. माणूस बिघडला तर डॉक्टर भेटते. अळी बदलली तर कोण भेटते? ही भेटीन." मागच्या रांगेतले लोक हसले, पण बाबू हसला नाही. त्यानं शिक्का जरा जोरात मारला, एवढं मी पाहिलं. बाहेर येऊन मी हे इवाईंना फोनवर सांगितलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी आधी पोरीचा फॉर्म भरून झाला का ते विचारलं. मग म्हणाले, "इवाई, बोंडं साफ निघाली म्हणून तुम्ही तिले पाठवून राहिले. नसती निघाली, तर तिचं शिकणं फालतू होतं काय? ती शिट्टी उतरते, तिचा मले कधी काही उपयोग झाला नाही. पण ऐकल्याबिगर मी राहिलो नसतो."

चौथीत मला असं कोणी विचारलं असतं तर कदाचित मी तिसऱ्या वर्षीही बसलो असतो.

आता चैताली एमएस्सीला आहे. दिवाळीला येते, बोलताना असे शब्द वापरते की मी आणि इवाई दोघंही मान डोलावतो, आणि मला अलीकडे संशय आहे की तेही माझ्यासारखीच डोलावतात. इवाईंच्या डोळ्यांचं काम आता बिघडलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, पण डॉक्टर म्हणाले की मागचा पडदाच झिजला. माणूस धूसर दिसते, भिंगातलं काही दिसत नाही. तरी दसऱ्यानंतर ते येतात, खाटेवर बसतात, पिशवीतून भिंग काढतात आणि माझ्या हातात देतात. मी बोंडं फोडतो आणि पाहतो. ते डोळे मिटून ऐकतात. जन्मभर ज्यांनी मुलांना पाहायला शिकवलं, त्यांना आता चौथी नापास माणसाच्या डोळ्यांनी पाहावं लागते.

या वर्षी आले तेव्हा फार थकलेले दिसले. अंगणाच्या पायऱ्या उतरताना माझ्या सुनेनं, म्हणजे त्यांच्याच पोरीनं, हात धरला तर त्यांनी धरू दिला, आधी देत नसत. मी बोंडं फोडत होतो. अकराव्या बोंडात अळी निघाली. मला वाटलं, कशाला सांगा, जाऊ द्या. मी म्हटलं, साफ आहे जी, यंदा सगळी साफ आहेत.

इवाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाकडे पाहिलं.

"इवाई, मले बरं वाटावं म्हणून नका सांगू. जे दिसते ते सांगा."

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. हात जरा स्थिर केला.

"आहे एक. गुलाबी. डोकं काळपट. पाय पुढं तीन जोड्या, मागं मऊ आहेत, ते मोजून राहिलो. आता हलली."

"जिवंत हाये?"

"हो जी."

त्यांच्या चेहऱ्यावर तिगावच्या फलाटावरचं तेच हसू आलं. खाटेवर पाठ टेकली, हात पोटावर ठेवले आणि म्हणाले, "बसू द्या बाईंना थोडं. मोजून झालं की मग सांगा."